भुईवर घेतलेले नाना आणि चिंचटेकची ठकूआत्या

फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. तेव्हा चिंचटेकला यायला धड वाट नव्हती, तशी जायलाही नव्हती, त्यामुळे तिथं जन्मलेला माणूस तिथंच म्हातारा व्हायचा. हवा चांगली, पाणी गोड, म्हातारे चिक्कार. पण त्या गावाला एक वाईट खोड होती. घाईची.

कुणी म्हातारं माणूस तीन दिवस उठलं नाही, हाकेला ओ देईनासं झालं, की भावकी जमायची. "आता काय ऱ्हायलंय," म्हणायची आणि त्याला खाटेवरून उचलून भुईवर घ्यायची. तोंडात तुळशीपान ठेवायचं आणि वाट बघत बसायचं. एकदा भुईवर घेतलेलं माणूस पुन्हा खाटेवर चढवायचं नाही, असा तिथला रिवाज. थंडीत त्या गार सारवलेल्या जमिनीवर धडधाकट माणूस निजवला तरी तो काकडून जाईल, मग ऐंशीच्या म्हाताऱ्याचं काय सांगावं! पण म्हातारं गेलं की हेच लोक म्हणायचे, "बघा, आमचा अंदाज कधी चुकत न्हाई."

याच गावात ठकूआत्या राहायची. ती ओरडली की झाडावरच्या चिंचा खाली पडायच्या, असं म्हणतात. तिची सासू सात वर्षं अंथरुणाला खिळलेली होती, पण म्हातारीच्या पाठीला एक फोड म्हणून आला नाही. देवळातली घंटा वाजली की ठकूआत्या हातातलं काम टाकून सासूची कूस पालटायची, पाठीला खोबरेल लावायची, घोट घोट पाणी पाजायची. सासूनं सातही वर्षं तिला शिव्या दिल्या. ठकूआत्या म्हणायची, "शिव्या देत्यात म्हंजी जीव शाबूत हाय."

सासू गेल्यावर तिला करमेना. मग ती गावातल्या बाकीच्या म्हाताऱ्यांकडे वळली. एक म्हातारा भ्रमिष्ट झाला म्हणून घरच्यांनी कोपऱ्यात बसवला होता. तिनं त्याच्या कानात दोन दिवस कोमट तेल सोडलं. कानातून सुपारीएवढा मळ निघाला, असं म्हणतात, आणि म्हातारा पहिलं वाक्य बोलला ते, "आगं, वरडतीस कशाला?"

अशी ती एकदा चार दिवस भावाकडे गेली आणि इकडे तालमीचे वस्ताद हैबतीनाना पडले. पडले ते बडबडायला लागले. दहा वर्षांपूर्वी मेलेल्या म्हशीला वैरण टाका म्हणू लागले. पुढं बडबडही थांबली. चौथ्या दिवशी भावकीनं त्यांना भुईवर घेतलं. पाहुणे आले, अंगणात रडारड सुरू झाली. गेनू न्हाव्याला दुपारी शेजारच्या गावात लग्नाला जायचं होतं. तो म्हणाला, "आज ना उद्या करायचंच हाय, तवा उरकून घिऊ." त्यानं नानांच्या थोरल्या लेकाला, गणपाला, पुढ्यात बसवून डोकं भादरायला घेतलं.

अर्धं डोकं झालं असेल नसेल, तेवढ्यात ठकूआत्या परतली. गर्दी सारत आत गेली. नानांच्या हाताच्या पाठीवर तिनं चिमटा काढला, तर उचललेली कातडी तशीच उभी राहिली.

"नाना पाणी कवा प्यायले?" तिनं विचारलं.

सून खाली मान घालून म्हणाली, "मामंजी पाणीच पीत न्हाईत. गुडघं धरल्यात. पाणी प्यालं की परड्यात जावं लागतं, म्हणून नगंच म्हणत्यात."

"आन पोट कवा साफ झालं?"

नानांनी किती कुस्त्या मारल्या ते सगळ्या भावकीला पाठ होतं, पण हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मागून कुणीतरी म्हणालं, "दिवाळीत झालं आसंल."

"नाना मरत न्हाईत, वाळत्यात!" ठकूआत्या कडाडली. "उचला! खाटंवर घ्या!"

गावचे पाटील पुढं आले. "रिवाज मोडतीस, आत्या. तीन दिस देतो. नाना उठलं तर गाव तुझं ऐकंल. न्हाई उठलं, तर पुन्यांदा कुठल्याबी म्हाताऱ्याच्या उंबऱ्याला पाय लावायचा न्हाई."

ठकूआत्याच्या देखभालीत अकरा म्हातारी माणसं होती. आपले हात बांधले तर थंडी सरायच्या आत अकराही भुईवर जातील, हे तिला दिसत होतं. पण ती म्हणाली, "दिला शबूद."

तिनं चमच्यानं पाणी पाजायला सुरुवात केली. घोट गिळला की थांबायचं, मग पुढचा. थोड्या वेळानं पेज, मिठाची कणी घालून. गिळायला लागले तसं एरंडेल. गुरवाला सांगितलं, थोड्या थोड्या वेळानं घंटा वाजव, आणि घंटा झाली की ती नानांची कूस पालटायची. गुरव इमानी माणूस, घंटा काही चुकवली नाही. तीन दिवसांत अख्ख्या गावाला सवय लागली. घंटा झाली की दुपारी लवंडलेले पाहुणे कूस पालटायचे, गोठ्यातल्या म्हशी पालटायच्या, असं म्हणतात.

तिसरा दिवस कलला तरी नाना डोळे मिटूनच. पाटील उठून उभे राहिले. बायकांनी गळा काढला. अकरा म्हातारे काठ्या टेकत अंगणात येऊन उभे होते, त्यांचे चेहरे पांढरे पडले. ठकूआत्यानं पदर डोळ्यांना लावला.

आणि आतून आरोळी आली, "तांब्या! माजा तांब्या कुठाय?"

नाना निघाले! चार पावलं भिंत धरून, पुढची चार गणपाला धरून, आणि त्यापुढं कुणालाच न धरता. रडणाऱ्या बायकांच्या मधून, पाहुण्यांच्या पंगतीवरून, तांब्या घेऊन परड्याकडे. वाटेतला दगडांचा गडगा त्यांनी उडी मारून पार केला, असं म्हणतात. मला ते खरं वाटत नाही, पण चिंचटेकला गेलात तर असं बोलू नका.

परत आल्यावर नानांनी गणपाचं अर्धं डोकं पाहिलं. म्हणाले, "कोण गेलं रं?" गणपानं घाईघाईनं मुंडासं बांधलं.

पाटलांनी शब्द पाळला. तेव्हापासून ठकूआत्यानं सांगितल्याशिवाय चिंचटेकमध्ये कुणाला भुईवर घेतलं नाही.

पुढं वर्षं गेली आणि ठकूआत्या स्वतःच खाटेवर पडली. गाव आता फारच शहाणं झालं होतं. घंटा झाली की चौघी धावत येऊन तिची कूस पालटायच्या. ती म्हणायची, "आता मला खाली घ्या." गाव म्हणायचं, "आदी पाणी प्या." ती म्हणायची, "आरं, मी खरंच चाल्ले!" गाव म्हणायचं, "समदी असंच म्हणत्यात, आत्या."

शेवटी एके दिवशी ती हळूच म्हणाली, "मग निदान पायाची नखं तरी काढा रं. दोन वर्सं झाली, मला वाकता येत न्हाई."

कुणीतरी पांघरूण वर केलं. नखं वळून मांसात रुतली होती. गावभराच्या म्हाताऱ्यांचं अंग जिनं सांभाळलं, तिच्या पायांकडे कुणीच बघितलं नव्हतं. सगळ्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नाना तेव्हा एकशे पाच वर्षांचे होते, असं म्हणतात. त्यांनी गेनूकडून नखं काढायची नराणी मागून घेतली आणि खाली बसले. उभ्या आयुष्यात ते कुणाच्या पायाशी बसले नव्हते. त्यांनी तिचे पाय कोमट पाण्यात भिजवले आणि एकेक नख काढलं. हात कापत होते, त्यामुळे संध्याकाळ झाली. दहावं नख निघालं तशी ठकूआत्या म्हणाली, "आता हलकं वाटतंय," आणि तिनं डोळे मिटले.

तो दिवस पौषातल्या पुनवेचा. आजही त्या पुनवेला चिंचटेकमध्ये घरोघरी पाणी कोमट करतात. लेक तालुक्याला साहेब का असेना, त्या दिवशी गावी येतो, जमिनीवर मांडी घालतो आणि आईबापाची नखं काढतो. भेग, सूज, जखम दिसली तर दुसऱ्या दिवशी दवाखाना.

म्हातारी मंडळी मात्र पक्की लबाड आहेत. महिनाभर आधीपासून नखं वाढवतात. सून कापायला आली तर पाय आखडून घेतात आणि म्हणतात, "ऱ्हाऊ दे. पुनवंला ल्योक येणार हाय."