टाक्यावरचा अळणोबा

आधी पाणी प्या पाहुणे, मग दगडाकडं बघा. उन्हातनं घाट चढून आलात. ओंजळ भरून प्या, गोड आहे. हं. आता टाक्याच्या काठावर हे जे गेरूनं माखलेलं बसलंय ना, ते आमचं दैवत, अळणोबा. नाक नाही, डोळे नाहीत, हातात शस्त्र नाही. खोड मात्र एक आहे, मीठ चालत नाही. टाक्यापासून त्या आपट्याच्या झाडापर्यंत चिमूटभरसुद्धा मीठ आणायचं नाही. कुणाच्या पिशवीत चिवडा असेल तर झाडाखाली ठेवून या. हसू नका, खरंच सांगतोय.

या ताई मघाशी म्हणाल्या, की त्या कुठल्याशा मनातल्या राज्याची कादंबरी लिहितायत आणि त्या राज्याला देव हवाय. देऊळ रचलं, मंत्र रचले, पुजारी रचले, पण वाचणाऱ्याला काही तो देव खरा वाटेना. ताई, तुम्ही बरोबर जागी आलात. हा देवसुद्धा रचलेलाच आहे. मी दौलत गुरव, याची पूजा करणारा. मीच सांगतोय म्हटल्यावर शंका नको.

घाटात गाडीरस्ता नव्हता तेव्हाची गोष्ट. कोकणातलं मीठ बैलांच्या पाठीवर लादून वर यायचं. मिठाचे तांडेच असायचे, एकेका तांड्यात शंभर-दोनशे बैल, आणि सगळ्यांचा म्होरक्या म्हणजे नाईक. चढून दमलेला तांडा पहिला मुक्काम इथंच टाकायचा, कारण माथ्यावर पाणी एवढंच. काठाचा कातळ कोरडा, म्हणून मिठाच्या गोण्या काठावरच रचायच्या. दव पडायचं, मीठ पाझरायचं आणि टाक्यात उतरायचं. असं करता करता पाणी मचूळ झालं. डाळ शिजेना. गुरं तोंड लावून माघारी फिरू लागली. आमच्या वाडीतले लोक भांडले, हातापाया पडले. तांडेवाले म्हणाले, एक रात्र तर ठेवतो, तेवढ्यानं काय होतंय? वाडी बारा उंबऱ्यांची आणि तांड्यात माणसंच साठ-सत्तर. कोण कुणाचं ऐकणार? शेवटी शिमगा झाला की वाडी उठवायची, असं ठरलं.

सगळ्यांनी माना डोलावल्या, एक भिवरा सोडून. भिवरा विधवा बाई, तोंडानं फटकळ. पाण्यापायी तिनं एकदा गाव सोडलं होतं. त्या वाटेवर तिची तीन महिन्यांची लेक गेली. वाटेच्या कडेलाच पुरावी लागली, आणि ती जागा पुढं कितीही शोधली तरी तिला सापडली नाही. तेव्हापासून तिनं मनाशी धरलं होतं, की मेले तरी बेहत्तर, पण पुन्हा बिऱ्हाड डोक्यावर घेणार नाही.

तर एका दुपारी खालून बैलांच्या घुंगरांचा आवाज आला. भिवरा तेव्हा भिंतीला गेरू लावत होती. काय मनात आलं कोण जाणे! तिनं कुंपणाचा एक दगड उचलला, त्याला गेरू फासला आणि नेऊन काठावर बसवला. तांडा पोचला तेव्हा बाई हात जोडून उभी. म्हणाली, "सपनात देव आला. अळणोबा म्हणत्यात त्याला. हितं मीठ ठेवाल तर बैल लंगडे होतील."

तांड्याचा नाईक होता खेमा. दाढी पिकलेला, बारा गावचं पाणी प्यालेला माणूस. तो रागावला नाही, हसला म्हणे.

"बाई, तुझा देव तर तुझ्याच सोयीचं बोलतो. मी पुष्कळ देव बघितले. सोयीचं बोलणारा एक नाही भेटला. आमचं मीठ नको त्याला, ठीक. तुझं काय घेतलं त्यानं?"

बघा ताई, इथंच भल्याभल्यांचे देव अडतात. भिवराही अडकली. तिनं हा विचारच केला नव्हता. सगळा तांडा बघतोय, वाडीतले लोक बघतायत. गडबडीत तिच्या तोंडून निघून गेलं, "माझंबी मीठ घेतलं. मी अळणी खाते."

आता खरं सांगायचं तर या बाईचा ठेच्यावर जीव. ठेचा असला की तिला भाजी लागत नसे! खेमानं गोणीत हात घातला आणि ओंजळभर मीठ तिच्यापुढं धरलं. त्या काळी एवढं मीठ म्हणजे घरात महिनाभराची चंगळ. भिवरानं ते डोळे भरून पाहिलं आणि मान हलवली. खेमानं त्या खेपेपुरत्या गोण्या आपट्याच्या पलीकडं उतरवायला लावल्या. "पुढच्या खेपेला बघू," म्हणाला.

झालं! बाई बोलून फसली. तांडा पंधरा-वीस दिवसांनी परत यायचा. वाडीत कुणीतरी मडक्यात डोकावायचं, तांड्यातल्या बायका तर हटकून डोकावायच्या. एकदा जरी मिठाचा खडा सापडला असता, तरी गोण्या पुन्हा काठावर आणि वाडी वाटेवर. म्हणून भिवरा अळणी जेवू लागली. वाडीलाही तिनं खरं सांगितलं नाही. रोज दुपारी आपल्यातलं चतकोर त्या दगडापुढं ठेवायची आणि आजूबाजूला कुणी नाही असं बघून तोंड सोडायची. "घे मेल्या, गीळ! तुझ्यापायी माझ्या जिभेची माती झाली. आज वांगं होतं, वांगं! कुणी अळणी खातं का वांगं?"

एके दिवशी खेमा नाईक बैलांना पाणी दाखवायला पुढं आला होता, त्यानं झाडाआडून हे ऐकलं. असं सांगतात, की तो तसाच मागं फिरला आणि आपल्या माणसांना म्हणाला, "देव खरा आहे. खोट्याशी कुणी इतकं भांडत नाही." त्या दिवसापासून गोण्या कायमच्या पलीकडच्या माळावर गेल्या. पाठोपाठच्या तांड्यांनीही तेच धरलं. पावसाळ्यामागून पावसाळे गेले, टाकं धुऊन निघालं. वाडी उठली नाही. शिमगा इथंच झाला, आणि पुढचेही सगळे.

देव म्हटला की वाद आलेच. लिंबू चालतं का? खालची आळी म्हणते चालतं, वरची म्हणते आंबट म्हणजे मिठाचा भाऊच. या वादावरून एक सोयरीक मोडली आहे म्हणे. भिवराला विचारायला गेले, तर ती म्हणाली, "माझं डोकं खाऊ नका."

भिवरा थकली, खेमाही थकला. शेवटच्या खेपेला तो काठी टेकत टाक्यावर आला. बायका पाणी भरत होत्या. तो भिवराजवळ बसला आणि म्हणाला, "भिवराबाई, आता जायच्या वाटेवर आहोत दोघं. खरं सांग. देव सपनात आला होता?"

"कशाचा आलाय!" भिवरा म्हणाली. "गेरू माझा, दगड कुंपणाचा. नाव तोंडाला आलं ते ठोकून दिलं."

बायकांच्या हातातल्या घागरी थांबल्या. खेमा मात्र दचकला नाही. त्यानं तिला हाताला धरून आपट्याच्या पलीकडं नेलं, येताना तिथं ठेवलेली पुरचुंडी सोडली आणि मीठ तिच्या तळहातावर ठेवलं. "मग खा आता. पाणी गोड झालं, वाडी राहिली. गोण्या परत काठावर कुणी ठेवत नाही. तुझं काम झालं, बाई."

भिवराचे डोळे भरून आले. तिनं हात तोंडापर्यंत नेला. सगळ्यांनी पाहिलं, ओठांना खडे लागले होते. मग तिनं हात खाली घेतला आणि मीठ मातीत झटकून टाकलं.

"नाही रे नाईक," ती म्हणाली. "इतकी वर्षं रोज शिव्या खाल्ल्या त्यानं माझ्या. एका शब्दानं उलटला नाही. आता त्याला एकट्याला अळणी जेवू घालू?"

त्याच पावसाळ्यात ती गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी दगडापुढं पान कोण ठेवणार, हे कुणी बोललं नव्हतं. पण खेमा आला त्या दिवशी घागरी घेऊन उभ्या असलेल्या बायका आल्या. सगळ्या आल्या, आपापल्या घरचं अळणी घेऊन. आपल्या कानांनी ऐकलं होतं त्यांनी, की यात देव नाही. तरी आल्या.

आजही ही कथा याच्यासमोर बसूनच सांगायची, पाठीमागं सांगायची नाही, असा आमचा नेम आहे. आजही तुम्ही वाडीत कुणालाही विचारा, अळणोबा खरा का, तर शेंबडं पोरसुद्धा सांगेल, छे, तो भिवराआजीनं केलाय. आणि सांगता सांगता पायातली चप्पल काढेल.

चला, पानं वाढली आहेत. वांग्याची भाजी आहे, अळणी. पहिला घास त्याच्यापुढं ठेवा, आणि काय शिव्या द्यायच्या त्या मोकळ्या मनानं द्या. तो ऐकतो.