लाल असेल त्यालाच प्रवेश

विषय : कु. रेवा सबनीस, वय वर्षे चार, हिचा पाचवा वाढदिवस लाल रंगात साजरा करणे, व त्या प्रसंगी औक्षण कोणी करावे, याबाबत.

संदर्भ : अर्जदाराची तोंडी मागणी. मागणी ताटावर बसून, घास न घेता केलेली आहे.

“...तर मग औक्षणाला तुम्हीच याल ना, माय?”

प्रश्न नरहरराव सबनीसांचा होता. निवृत्त मुख्याध्यापक, रेवाचे आजोबा. गावाबाहेरच्या टेकडीवर मठ आहे, तिथे ते दर गुरुवारी येत आणि बयोमायच्या पायाशी बसत. मायचं वय कुणाला नक्की ठाऊक नव्हतं. अंगावर विटकं भगवं लुगडं, कपाळ कोरं. त्या फार बोलत नसत, म्हणून लोक त्यांचं ऐकत. नरहरराव फार बोलत. शाळेने तेही वर्षानुवर्षं ऐकून घेतलं होतं.

“आधी बेत काय आहे तो तर सांग.”

नरहररावांना हेच हवं होतं. त्यांनी सोबत आणलेली टोपली पुढे ओढली.

वाढदिवस सगळा घरचा. बाजारचा केक नाही, बाजारचा रंग नाही. पतंगाच्या कागदाच्या लाल पताका. बीट घातलेल्या पुऱ्या, डाळिंबाची कोशिंबीर, टोमॅटोचं सार, कोकमाचं सरबत. लाल भोपळ्याचे घारगेही ठरले होते. पण भोपळा चिरल्यावर आतून पिवळा निघाला. केवळ नावावर प्रवेश देता येणार नाही, असा निर्णय देऊन नरहररावांनी तो बाद केला होता.

“आणि येणाऱ्या प्रत्येकाने लालच घालायचं. लाल असेल त्यालाच प्रवेश. नियम रेवाचा, अंमलबजावणी माझी.”

“तू काय घालणार?”

“सदरा शिवून घेतलाय. लालभडक.” नरहरराव जरासे लाजले. “या वयात... पण पोरीचा हट्ट.”

“शोभेल तुला.”

मायनी एक पताका उचलून उजेडात धरली. कडा एकसारख्या कातरलेल्या. एके ठिकाणी कागद फाटला होता, तो खळीने इतका हळुवार चिकटवला होता की बोट फिरवल्यावरच कळावं.

“कोणी केलं हे?”

“वृंदाने. सूनबाईने. आठवडाभर तेच चाललंय. तिचे हात मनगटापर्यंत लाल झालेत. धुतले तरी रंग जात नाही.”

“ती काय नेसणार?”

...

नरहररावांचा मुलगा श्रीधर गेल्या वर्षी घाटात मोटारसायकलच्या अपघातात गेला. हे वाक्य ते कधी पूर्ण बोलत नसत. आताही बोलले नाहीत.

“ती स्वयंपाकघरात असेल. पुऱ्या तळायला कुणीतरी हवंच.”

“असं ती म्हणाली?”

“ती कुठं काय म्हणते!”

“विचारलंस?”

“माय, मी जुन्या मताचा नाही. शाळेत दरवर्षी या विषयावर भाषण करायचो. मुली रडायच्या. पण रविवारी चार लोक येणार. हिच्या अंगावर लाल साडी, हातात औक्षणाचं तबक... कुणी काही बोललं तर तिलाच लागेल. तिच्यासाठीच म्हणतो मी.”

“आणि रेवा काय म्हणते?”

नरहररावांनी टोपलीतल्या पताका उगाच नीट केल्या.

“विचारते, आजोबा, लाल नसेल त्याला आत सोडायचं नाही ना? मग आईला कसं सोडणार?”

“तू काय सांगितलंस?”

“बघू, म्हटलं.”

‘बघू’ हा शब्द नरहररावांनी एके काळी शिपायांच्या रजेसाठी राखून ठेवला होता. त्यातून एकही रजा मंजूर झाल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

“तेव्हापासून आईचा पदर सोडत नाही. धड जेवत नाही. म्हणते, आईने ओवाळलं नाही तर मला पाच व्हायचंच नाही.”

खाली ओढ्यावर कुणीतरी गोधड्या आपटत होतं. तो आवाज थांबल्यावर नरहररावांनी मुद्द्याला हात घातला.

“म्हणून तुम्ही या, माय. घरात सवाष्ण नाही. रेवाची आजी असती तर प्रश्नच नव्हता. शेजारणींना बोलवावं, तर त्या वृंदाकडे ज्या नजरेने बघतात ती मला बघवत नाही. तुम्ही ओवाळलंत, की कुणाची बोलायची हिंमत नाही.”

“रेवाची आजी जाऊन किती झाली?”

“आठ वर्षं होतील.”

“आणि सदरा लालभडक.”

...

नरहररावांनी गळ्यातला मफलर सारखा केला. मफलर वाकडा नव्हता.

“माझं लुगडं भगवं आहे, मास्तर. मला सोडशील आत?”

“माय! तुम्हाला कसला नियम?”

“का नाही?”

“तुम्ही या सगळ्याच्या पलीकडच्या.”

“सतराव्या वर्षी आले मी या मठात. पलीकडून नव्हते आले. सासरहून आले. कुंकू पुसून.”

या पायांवर नरहररावांनी इतकी वर्षं डोकं टेकवलं होतं. हे मात्र त्यांनी कधी विचारलं नव्हतं. संतांना पूर्वायुष्य विचारू नये, एवढी शिस्त त्यांच्या अंगात होती.

“इथंही आधीची बरीच वर्षं चुलीपाशीच गेली,” माय म्हणाल्या. “उत्सवाला लोक यायचे, तेव्हा पुढं यायचं नाही. तेव्हाचे महाराज मनाने फार चांगले. तिच्यासाठीच म्हणतो, असं तेही म्हणायचे.”

नरहररावांनी भाषण न करता टोपली आवरायला घेतली. ही त्यांच्या बाबतीत नोंद घेण्याजोगी गोष्ट होती.

टोपलीच्या तळाशी झाकण लावलेली एक वाटी होती.

“यात काय?”

“बिटाचा रस. पुऱ्यांच्या कणकेत घालायचा. रंग एवढा पुरेल का, ते मायना विचारून या, म्हणाली वृंदा.”

मायनी झाकण काढलं. वाटीकडे बराच वेळ पाहिलं.

मग उजव्या हाताचं बोट रसात बुडवलं, आणि ते कपाळावर, दोन भुवयांच्या मधोमध टेकवलं.

ठिपका जरा मोठाच उमटला. त्यातला एक ओघळ नाकापर्यंत आला. मायनी तो पुसला नाही.

नरहरराव उठून उभे राहिले. मग खाली बसले.

“पुरेल, म्हणावं तिला,” माय म्हणाल्या.

...

“आता तू सांग, मास्तर. रविवारी मला पुढं घेशील, की पुऱ्या तळायला बसवशील?”

नरहरराव टोपली घेऊन टेकडी उतरले. वाटी मठातच राहिली.

अर्जावर अद्याप निर्णय झालेला नाही. अर्जदाराचे वय अजून चारच आहे.