झारीचं लाळेरं

ओघळणारी झारी यापुढे मुदपाकखान्यात दिसता कामा नये, असं कुसुरगडच्या महाराजांनी फर्मावलं. गावात तांबट मी एकटाच, त्यामुळे ते फर्मान माझ्याच डोक्यावर येऊन आदळलं.

झालं होतं असं. महाराजांना पुऱ्या तळताना बघायची हौस. आचारी तोटीच्या झारीने कढईत तेल सोडायचा आणि महाराज शेजारी उभं राहून सूचना करायचे. त्या दिवशी उकडतंय म्हणून त्यांनी नवा शेला काढून चौरंगावर ठेवला, आणि आचाऱ्याने गडबडीत झारी नेमकी त्याच्यावर टेकवली. उचलली तेव्हा शेल्यावर तेलाचं गोल कडं उमटलेलं. आचारी म्हणाला, माझा दोष नाही महाराज, या झारीलाच ओघळ येतो. झारी माझ्या हातची होती.

महाराजांनी मला बोलावून अटी सांगितल्या. ओतून झाल्यावर झारी पांढऱ्या शेल्यावर ठेवायची, डाग पडता कामा नये. फडक्याने पुसायची नाही. भरताना तेल सांडायचं नाही. आणि वर झाकण नको, कारण आचारी झाकणं हरवतो. आठवडाभरात अशी झारी झाली नाही, तर भट्टी विझवून गाव सोडायचं.

"तशीही तुमची ठकठक माझी दुपारची झोप मोडते," महाराज म्हणाले.

मी मान हलवली. मान हलवण्यात मी पहिल्यापासून तरबेज.

घरी येऊन कामाला लागलो. तोटी बारीक केली की ओघळही बारीक येईल, असा विचार केला आणि तोटी ठोकून ठोकून इतकी बारीक केली, की ओघळ गेला आणि तेलही गेलं. फुंकर मारली तर शीळ वाजायची. मग तोटी वर वळवली. झारी दिसायला हंसासारखी झाली, पण तेल कढईऐवजी माझ्या कोपरावर पडलं. माझं डोकं म्हणजे माझ्याच हातचं भांडं. वाजतं छान, आत काही राहत नाही.

शेवटी मी हातोडा ठेवला आणि सुनेला म्हणालो, "सगुणा, बांधाबांध कर. ऐरण मात्र मी उचलीन."

सगुणा तानीला भात भरवत होती. तानी माझी नात, दात येत होते तिला. तोंडाची धार काही थांबत नव्हती, पण अंगावरचं झबलं कोरडं होतं. सगुणा माझ्याकडे न बघताच म्हणाली, "मामंजी, तुम्ही सारखी तोटीच का ठोकताय? दात येताना लाळ गळायचीच. ती कुणाला थांबवता येते? आपण लाळेरं बांधतो."

मी तानीच्या गळ्यातल्या लाळेऱ्याकडे बघितलं. तानीने माझ्याकडे बघितलं. आम्हा दोघांनाही काही कळलं नाही.

मग सगुणाने मला समजेल असं सांगितलं. झारीच्या तोंडावर परळासारखी खोलगट बशी बसवायची. तोटी त्या बशीच्या मधून वर काढायची. बशीला भोक ठेवायचं. ओघळ तोटीवरून उतरेल, बशीत येईल आणि भोकातून परत आत जाईल. भरायचं तेलही त्याच बशीत ओतायचं. झाकणाची गरजच नाही.

मी लगेच बशी ठोकली, डाख लावून झारीच्या तोंडाला सांधली, भोक पाडलं. भोक पाडलं पुढच्या अंगाला, तोटीच्या खालीच. झारी वाकवताच तोटीतून थोडं आणि भोकातून पुष्कळ, असं सगळं तेल माझ्या धोतरावर आलं. सगुणाने पदर तोंडाला लावला. हसत नव्हती म्हणे. म्हणाली, "मामंजी, भोक मागे, मुठीच्या बाजूला. आणि बशीचा उतारही तिकडेच."

मुदतीच्या दिवशी मी झारी घेऊन गेलो. बोलायची वेळ आली तर माझी जीभ टाळ्याला चिकटते, म्हणून सगुणाही तानीला कडेवर घेऊन आली. महाराज नुकतेच जेवून उठले होते. त्यांनी स्वतः झारी भरली, तीही मुद्दाम उंचावरून, हलगर्जीपणाने. तेल बशीत पडलं आणि गटगट करत आत गेलं. मग त्यांनी कढईत धार सोडली, झारी सरळ केली आणि डोळे बारीक करून तोटीकडे बघत राहिले.

तोटीच्या टोकाला थेंब जमला. फुगला. घसरला.

"आला!" महाराज ओरडले. "ओघळ आला. तांबट, भट्टी विझवा."

गावाबाहेर पडायला कुठला रस्ता धरावा, याचा मी विचार करू लागलो. सगुणा शांतपणे म्हणाली, "आला खरा. पण गेला कुठे, तेही बघावं महाराजांनी."

महाराजांनी झारी शेल्यावर ठेवली. थांबले. उचलली. शेला कोरा. पुन्हा ओतलं, पुन्हा ठेवली. शेला कोराच. आचारी खाली वाकून बघू लागला, तसं त्यांनी त्याला बाजूला सारलं आणि स्वतः वाकून बघितलं. मग तोंड फुगवून म्हणाले, "पण ओघळ येतोच ना? मला न ओघळणारं तोंड हवं होतं."

सगुणाने खाली बघत म्हटलं, "महाराज आत्ताच ताक पिऊन उठलेत. मिशीला ओघळ अजून आहे. म्हणून कुणी महाराजांना तोंड बदला म्हणत नाही. पंचा पुढे करतात."

आचाऱ्याच्या हातातली पुरी हातातच राहिली. मी डोळे मिटून घेतले.

महाराजांनी मिशीला बोट लावलं, बोटाकडे बघितलं, आणि जे हसायला लागले ते चौरंगावर बसूनच हसले. हसता हसता त्यांनी पंचा मागितला, आधी मिशी पुसली, मग डोळे.

"मुली," ते म्हणाले, "माझ्या गोठ्यातली दुभती म्हैस आजपासून तुझी. भट्टी राहू दे. आणि या तुझ्या सासऱ्याला रोज पेलाभर ताक देत जा. त्याच्याही मिशीला काही लागू दे."

म्हैस घरी मीच नेली. निदान तसं मला वाटत होतं. पण वाटेत लोक म्हणाले, दोर तुझ्या हातात असला तरी पुढे म्हैसच चाललीय.