ठकूमायची पुरचुंडी

त्या वर्षी घोंगडीमहाराज बोरसांगवीला उतरले होते. अंगावर एक घोंगडी, हातात एक कटोरा आणि चेहऱ्यावर असा आनंद, की बघणाऱ्याला वाटावं यांना कुठलं राज्यच मिळालंय! नदीकाठच्या महादेवाच्या देवळात सप्ताह बसला आणि शेवटच्या दिवसाची पंगत भुजंगराव देशमुखांनी एकट्याने अंगावर घेतली. भुजंगराव माणूस वाईट नव्हते हो. हात सढळ होता. फक्त आपण दिलेलं साऱ्या गावाला दिसलं पाहिजे, एवढीच काय ती खोड.

त्यांच्याच रानात खुरपायला ठकूमाय यायची. एकटा जीव. मिळालेली ज्वारी ती पुरवून पुरवून खायची. पण भाकरीला हात लावण्याआधी डोळे मिटून एकेकाचं भलं चिंतायची. "ज्या मातीनं दाणा दिला तिचं भलं होवो, नांगर ओढला त्या बैलाचं भलं होवो, जिच्या गोवऱ्यांवर भाकरी भाजली त्या सखूच्या म्हशीचं भलं होवो..." हे इतकं लांबायचं की भाकरी पार गार व्हायची. एकदा बांधावरून जाताना भुजंगरावांच्या कानावर हे पडलं. म्हशीपर्यंत ऐकलं आणि ते पोट धरून हसत निघून गेले. "भाकरी केवढीशी आणि वाटेकरी किती!" असं ते चारचौघांत रंगवून सांगायचे. पोरं तिची नक्कल करायची. ठकूमाय आपली म्हणायची, "हसा बाबांनो, तुमचंबी भलं होवो."

पंगतीच्या दिवशी आमटीची काहील रटरटत होती, तेव्हा ठकूमाय पदराखालून चिंधीची पुरचुंडी काढून पुढे आली.

"दादासाहेब, एवढं मीठ आमटीत पडू द्या. माझ्या भाजीतलं चिमूट चिमूट बाजूला काढत आले. महाराजांच्या पानात माझं काहीतरी जावं, एवढंच मनात हाय."

"मीठ?" भुजंगराव आचाऱ्याकडे बघून मोठ्याने हसले. "अगं म्हातारे, इथे मिठाची गोणी उभी आहे! तुझी चिमूट आमटीत शोधायची कुणी? जा, पंगतीत बस आणि पोटभर जेव."

ठकूमायच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. भांडणं तिला ठाऊकच नव्हतं. पुरचुंडी कनवटीला खोचून ती सरपणाच्या ढिगाआड जाऊन बसली.

दुपारी पानं मांडली, वाढून झालं, गजर झाला. महाराजांनी पहिला घास घेतला आणि हात थांबवला. मग ओळीतली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. आमटीला चव नाही. वांग्याला नाही. अहो, गोड बुंदी ती, पण तीसुद्धा कालवलेल्या पिठासारखी लागली! आचाऱ्याने घाबरून ओंजळीने मीठ टाकलं, तरी आमटी अळणी ती अळणीच. शेवटी भुजंगरावांनी गोणीतला खडाच तोंडात टाकला. तो वाळूसारखा दाताखाली नुसता करकरला! त्यांना दरदरून घाम फुटला. आसपासच्या गावांतली माणसं पानावर, साक्षात महाराज पानावर. सगळे उपाशी उठले तर जन्मभर तोंड दाखवायला जागा राहणार नव्हती.

"महाराज, माझं काय चुकलं?"

महाराज म्हणाले, "भुजंगा, तुझ्या मिठात खोट नाही रे. पण एकीचं मन मोडून वाढलेल्या अन्नाला चव कुठून येणार? तिचं मीठ येईपर्यंत आम्ही आहोत इथे बसलेले."

भुजंगरावांना कळायचं ते कळलं. सरपणाआड जाऊन ते हात जोडून म्हणाले, "ठकूमाय, तुझं मीठ दे गं."

राग नाही, रुसवा नाही. म्हातारी लगबगीने उठली, काहिलीपाशी आली आणि पुरचुंडी सोडता सोडता तिने सवयीने डोळे मिटले. माती झाली, बैल झाला, म्हैस झाली. सगळी पंगत भुकेली बसली होती, पण आज कुणी हसलं नाही. आणि मग भुजंगरावांच्या कानी आलं, "ज्यांच्या रानात मला काम मिळतं, त्या देशमुखदादांचं भलं होवो. त्यांच्या घरात कशाला कमी पडू नये."

भुजंगराव चपापले. "हे आज म्हणालीस?"

"आज का म्हणून? रोजच म्हणते. तुमचं नाव शेवटी येतं, दादासाहेब. तुम्ही तेवढं कधी थांबला नाहीत."

मीठ काहिलीत पडलं मात्र, आमटीचा घमघमाट देवळाच्या कळसापर्यंत गेला! पानोपानी चव आली. आणि मौज बघा, मीठ पडलं आमटीत आणि गोडी आली बुंदीला! जयजयकाराने नदीकाठ दुमदुमला. महाराज बोटं चाटत म्हणाले, "ठकूमाय, आमटी आणखी येऊ दे!"

भुजंगराव महाराजांच्या पायाशी धावले, तर महाराजांनी पाय आखडून ठकूमायकडे बोट दाखवलं. गावादेखत देशमुखांनी तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"अवो, उठा दादा! माणसांची पानं रिकामी झाली," म्हातारी संकोचून म्हणाली.

आजवर हात मागे बांधून हुकूम सोडणाऱ्या भुजंगरावांनी धोतर खोचलं आणि आमटीची बादली उचलली. वाढायचं म्हणजे वाकावं लागतं. ते पोराटोरांपुढे वाकले, आपल्याच गड्यांपुढे वाकले. सरतेशेवटी ठकूमाय पानावर बसली, तेव्हा तिच्यापुढे तर ते इतके वाकले की डोक्यावरचा फेटा सुटून तिच्या भातातच पडणार होता. तो म्हातारीने वरच्या वर झेलला, आणि ते पाहून महाराज हातातला घास तसाच धरून खळखळून हसू लागले.