तांदळातलं नाव

"कादंबरी वाचलीत का हो कधी?" मठात शिरता शिरताच प्रोफेसर अंबाडकरांनी मला विचारलं.

वाचली म्हणजे काय! आमच्या गिरणाकाठच्या मठात कादंबरी वाचलेला मी एकटाच. म्हणजे, मधली पानं. पुढची-मागची चुलीला लागली, आणि चूल माझ्याकडेच असते.

प्रोफेसर दीक्षा घ्यायला आले होते. त्यांच्या काखेत जाडजूड कादंबरी, बायकोच्या हातात बाकी सगळं सामान.

आमच्याकडे दीक्षा घेतली की जुनं नाव सुटतं. नरहरबाबा नवं देतात. मला 'शांतानंद' दिलंय. तेव्हापासून मठात कुणाला झोप नाही.

"बाबा, दीक्षा द्या," प्रोफेसर म्हणाले. "पण नाव बदलू नका."

"का?"

प्रोफेसरांनी कादंबरीवर हात ठेवला. "यात एक कुटुंब बोटीनं परमुलखात जातं, बाबा. बंदरावरच्या कारकुनाला बाईचं नाव म्हणता येत नाही. तो आपल्या सोयीचं लिहून टाकतो. जन्मभर तेच. थडग्यावरसुद्धा तेच! मी ढसढसा रडलो. नाव गेलं की माणूसच गेला हो."

मीही डोळे पुसले. कांदा चिरत होतो.

"खरं आहे," बाबा म्हणाले. "राहू दे तुमचं नाव."

प्रोफेसरांची मान ताठ झाली.

"शांतानंदा, ताटात तांदूळ आण."

दीक्षेला तांदूळ कधी लागले नव्हते. मला वाटलं, बाबा पाहुण्यांना निवडायला बसवणार.

बाबांनी ताटात तांदूळ सारखे केले. "लग्नात असंच ताट होतं?"

"हो तर! अंगठीनं मीच लिहिलं, शर्वरी. आईला लक्ष्मी हवं होतं. मी बधलो नाही."

"छान नाव."

"हिला शोभतं की नाही?"

बाबांनी ताट बाईंपुढे सरकवलं. "बाई, आता तुम्ही लिहा. तुमचं."

...

बाईंनी पिशव्या खाली ठेवल्या. पदराला हात पुसला. बोटानं सावकाश लिहिलं.

द्वारका.

माझी विळी थांबली.

प्रोफेसर वाकून बघत राहिले. मांडीवरची कादंबरी घसरून खाली पडली.

"अगं... इतक्या वर्षांत कधी बोलली नाहीस ते!"

"तुम्ही वाचत होतात."