हौसाच्या हातचं कढण

डोंगराच्या पायथ्याला एक वाडी होती आणि वाडीच्या अगदी टोकाला, जिथे पायवाटसुद्धा दमून थांबायची, तिथे हौसाचं घर होतं. घर म्हणजे काय, एक खोली, एक चूल आणि मागे हातभर परस. वडील नव्हते. आई उजाडायच्या आत विळा घेऊन गवत कापायला जायची, ती दिवेलागणीला परत. मग दिवसभर घराची मालकीण कोण? आपली हौसा. वय वर्षं नऊ, वेण्या दोन आणि कामाचा उरक असा, की मोठ्या बायकांनी तोंडात बोट घालावं.

पण हल्ली हौसाचं हसू पार पळालं होतं. तिचा धाकटा भाऊ सोनबा, चार वर्षांचा, गोबऱ्या गालांचा, पंधरा दिवस तापाने फणफणला. ताप उतरला, पण पोराची अन्नावरची वासनाच उडाली. मऊ भात पुढे केला की तोंड फिरवायचा. गाल बसले, हातापायांच्या काड्या झाल्या. वैद्यबुवांनी नाडी पाहिली आणि आईला सांगितलं, की औषधाचं काम संपलं, आता पोटात चार घास गेले पाहिजेत, नाहीतर पोर काही उठायचं नाही. शेजारच्या भागीकाकू म्हणाल्या, तुमचं ते नाचणी-हुलग्याचं जाडंभरडं आजाऱ्याच्या घशाखाली कसं उतरणार, काहीतरी गोडधोड हवं. काकूंचं काय, बोलायला काय जातंय? पण हौसाला ते खरं वाटलं. तिला आपल्या चुलीची, आपल्या गाडग्यामडक्यांची लाजच वाटायला लागली.

एके दिवशी सकाळी, आई गेल्यावर, ती परसात भोपळ्याच्या वेलाशी बसून मुळूमुळू रडली. वेलावर एक भलंमोठं फूल उमलत होतं, पिवळंधमक. त्याच्यावर दवाचे थेंब लुकलुकत होते. एक थेंब हलला, फूल डोललं आणि आतून कोण बाहेर यावं? एक इवलीशी परी. करंगळीएवढी. झिरझिरीत पंखांत निळी, जांभळी, सोनेरी चमक आणि डोक्यावर परागांचा चिमुकला मुकुट, तोही जरासा वाकडा झालेला.

"हौसे, माझ्या वेलाला खारं पाणी घालू नकोस गं," परी हळूच म्हणाली. "काय हवंय ते सांग."

हौसाने नाक पुसत सोनबाचं सगळं सांगितलं. परीने ऐकून घेतलं आणि पंखाआडून चिंचोक्याएवढी चांदीची वाटी काढली. हौसाच्या तळहातावर टेकताच ती चांगली घरच्या वाटीएवढी झाली. मग परीने नियम सांगितले. तीन दिवस, तीन इच्छा. मागायचा तो खाऊच. तुमच्या चुलीवर जे शिजतं ते मागायचं नाही, ते या वाटीला येतच नाही. आणि रोज सूर्य डोंगराआड जायच्या आत वाटी वेलाखाली परत आली पाहिजे. उशीर झाला की उरलेल्या इच्छा गेल्या.

हौसाने डोळे मिटले आणि भागीकाकूंच्या तोंडून नुसती ऐकलेली बासुंदी मागितली. वाटी भरली की हो! दाट, केशरी, वर हिरवेगार पिस्ते. वास असा, की हौसाच्या तोंडाला पाणी सुटलं, पण तिने बोटसुद्धा बुडवलं नाही. तशीच जपून घरात नेली आणि सोनबाच्या ओठांशी धरली. त्याने जिभेचं टोक लावलं आणि कसंनुसं तोंड केलं. दुपारभर ती त्याची विनवणी करत राहिली. उन्हं कलली तशी बासुंदी वाटीतल्या वाटीत विरून गेली.

आता वाटी परत द्यायची. पण दुसऱ्याची वाटी रिकामी परत करायची नाही, हे आईने तिला चालायला शिकवतानाच शिकवलं असावं. हौसाने घरात पाहिलं. नाचणीची चतकोर भाकरी होती, परसातल्या माठाची भाजी होती, लसणाची चटणी होती. तिने ते सगळं वाटीत ठेवलं आणि लाजत लाजत वेलाखाली नेलं. परी वाटीकडे बघतच राहिली. आजवर कितीतरी जणांनी ती वाटी नेली होती, पण परत आली ती रिकामीच, एकदोनदा तर खरकटीसुद्धा. परीने एक कण चाखला. चटणी अशी झोंबली, की तिचे इवले कान लालबुंद झाले, पंख थरथरले. तरी तिने सगळं संपवलं आणि वाटीला चिकटलेली चटणीही बोटाने निपटून खाल्ली.

दुसऱ्या दिवशी हौसाने तुपात माखलेला, चांदीचा वर्ख लावलेला मोतीचुराचा लाडू मागितला. काय त्याची ऐट, काय त्याची झळाळी! सोनबाने मान वळवून पाहिलंसुद्धा नाही. आता एकच इच्छा उरली होती. ती वाया गेली तर?

काळजी करत करत ती वाटीत घालायला काही आहे का ते शोधू लागली. सकाळी भिजत घातलेले मूठभर हुलगे होते, तेवढेच. ते तिने शिजवले, घोटले, पाणी गाळून घेतलं. त्यात शेवग्याचा कोवळा पाला आणि दोन आमसुलं टाकली, मीठ घातलं. मग पळीत थेंबभर तेल तापवून जिऱ्याची आणि ठेचलेल्या लसणाची फोडणी दिली. चुर्र आवाज झाला आणि खमंग वास घरभर पसरला.

अंथरुणात हालचाल झाली. सोनबा कोपरावर उठून बसला होता.

"ताई, ते मला दे," तो म्हणाला.

हौसाचे हातच थांबले. तापाने कडू झालेल्या तोंडाला गोड नको होतं, हे आंबट-तिखट गरमागरम हवं होतं, हे तिच्या आता लक्षात आलं. तिने आपल्या घरातली वाटी भरली, फुंकर घालून पहिला घोट दिला. सोनबाने तो गिळला आणि पुन्हा आ केला. पण पोर अशक्त, एकेक घोट सावकाश घ्यायचं. खिडकीतून दिसत होतं, सूर्य डोंगराला टेकला होता. आत्ता उठावं तर जेमतेम उघडलेलं सोनबाचं तोंड पुन्हा मिटेल आणि बसून राहावं तर तिसरी इच्छा जाईल. हौसाने एकदा चांदीच्या वाटीकडे पाहिलं. मग तिने खिडकीकडे पाठ केली आणि भावाला भरवत राहिली.

सोनबाने सगळी वाटी संपवली तेव्हा सूर्य बुडाला होता. पातेल्याच्या तळाशी घोटभर कढण उरलं होतं, ते चांदीच्या वाटीत ओतून हौसा परसात गेली. फुलं मिटली होती. पानावर परी एकटीच बसली होती.

"उशीर झाला, हौसे. तिसरी इच्छा गेली."

"जाऊ दे," हौसा म्हणाली. "सोनबा जेवला. माझ्या हातचं जेवला."

हे म्हणताना तिची मान खाली गेली नाही. परी वाटीच्या काठावरून वाकली आणि डोळे मिटून कढण प्यायली.

"आजवर मी सगळ्यांना देत आले," मग ती म्हणाली. "आज मी मागते. हे कसं करायचं ते मला शिकवशील?"

मग काय विचारता! आमची हौसा कमरेवर हात ठेवून शिकवायला उभी राहिली. हुलगे किती भिजवायचे, किती घोटायचे, सगळं तिने नीट सांगितलं. परी आपल्या हातांची चिमुकली बोटं मोजत पाठ करत होती. लसूण आधी का जिरं, असं तिने भीत भीत विचारलं. जिरं आधी, लसूण करपला तर सगळं गेलं, असं हौसाने तिला बजावलं. परीने अगदी शहाण्या विद्यार्थिनीसारखी मान डोलावली.

"गुरुदक्षिणा दिल्याशिवाय मी जात नाही," परी म्हणाली आणि तिने वेलाला हात लावला.

पंखांतली निळी, जांभळी, सोनेरी चमक वेलावरून सरसर धावत गेली. जिथे जिथे ती पोचली तिथे तिथे गोल गोल भोपळे धरले. शेवगा शेंगांनी वाकला, कुंपणाशी हुलग्याचे वेल चढले, नाचणीची कणसं डोलू लागली. इवल्याशा परसात बारा महिने पुरेल एवढं पिकलं. परीचं अंग उजळत गेलं, इतकं की हौसाला डोळ्यांवर हात धरावा लागला. हात काढला तेव्हा पानावर नुसता उजेडाचा एक ठिपका होता, मग तोही मावळला.

तेवढ्यात आई घरी आली. डोक्यावरचा भारा तिने दारातच टाकला, कारण सोनबा चुलीपाशी बसून पातेलं चाटत होता. आईला हसावं का रडावं कळेना. भागीकाकूही मागोमाग डोकावल्या आणि कुठल्या मोठ्या घरून हे जेवण आलं, असं विचारू लागल्या.

हौसा परसाच्या दारात येऊन उभी राहिली.

"आपल्याच चुलीवर शिजलंय," ती म्हणाली. "मी शिजवलंय. काकू, बसा, तुम्हालाही करून घालते."