राही लोहारणीचं कडं

फार वर्षांपूर्वी, घाटात बैलगाडीलाही वाट नव्हती तेव्हा, कारवळे गावात राही नावाची लोहारीण होती. तिच्या नवऱ्याला रानडुकराने मारलं. ते डुक्कर साधं नव्हतं. कुणीतरी अरुंद पात्याचा भाला मारून ते जखमी करून सोडलं होतं, आणि वेदनेने पिसाळलेलं ते जनावर लाकडं तोडणाऱ्या लोहारावर चालून आलं. भाला कुणाचा होता, ते कुणी कबूल केलं नाही.

पुढे भाता राहीनेच चालवला. गावातल्या पुरुषांनी थोडे दिवस तोंडं वाकडी केली आणि मग कोयते तिच्याकडेच आणले. दुसरा लोहार दोन डोंगर पलीकडे होता, काय करतील!

त्या काळी होळीच्या आधी सगळं गाव पारधीला, म्हणजे शिकारीला जायचं. राहीने एक लोखंडी कडं घडवलं आणि पारधीच्या सकाळी ती देवळाच्या पायरीवर येऊन बसली. डुकरासाठी आणलेलं भाल्याचं पातं कड्यातून आरपार गेलं, की तो भाला घरी. अडकलं तरच रानात. सशाला जाळं आणि काठी पुरे. भेकराला रुंद पात्याचा बाण. विषाचा बाण कुणालाच नाही, आणि फास तर मुळीच नाही.

“फासाला डोळं न्हाईत,” ती म्हणायची. “डुकरासाठी लावशीला, नि शेजाऱ्याची गाय आडकंल.”

सगळ्यात कडक नियम शेवटचा होता. ज्याच्या हत्याराने जनावर जखमी होऊन पळेल, त्यानेच एकट्याने त्याचा माग काढायचा आणि त्याला वेदनेतून सोडवल्याशिवाय परत यायचं नाही.

असं म्हणतात, त्या कड्याला माणूस कळायचा. मी म्हणतो, राहीला कळायचा.

एका वर्षी तिचा जावई बयाजी शिमग्याला आला. लेक चंद्रा बाळंतपणाला माहेरीच होती, दिवस भरत आले होते. बयाजीचा भाला देखणा होता पण अरुंद. चंद्राकडून कड्याची गोष्ट ऐकली आणि गड्याने पातं तापवून ठोकून ठोकून रुंद केलं. रुंद झालं खरं, पण पापडासारखं पातळ झालं.

सकाळी पातं कड्यात घट्ट अडकलं. “शाब्बास जावईबापू!” लोक ओरडले. राहीने सवयीने पात्यावर नख मारलं. तिच्या हातची पाती टणकन वाजायची. हे पत्र्यासारखं खडखडलं.

तिने वर पाहिलं. बयाजीने मान खाली घातली. भरल्या गावात जावयाला परत पाठवायचं, तेही लेक अशा अवस्थेत असताना? आणि नियम तर रुंदीचा होता, जाडीचा कुठे होता?

“जाऊ द्या,” राही म्हणाली.

असं म्हणतात, तेव्हा वारा नसताना देवळातली घंटा वाजली.

हाकारा उठला, ढोल वाजू लागले. राहीला घरी बसवेना, तीही हाकाऱ्यांच्या मागून डोंगर चढली. एवढ्यात कारवीच्या झुडपांतून एक थोराड डुक्कर निघालं, ते थेट बयाजीवर. त्याने भाला मारला. पातं खांद्यात शिरलं, हाडावर दुमडलं, दांडा मोडला. डुक्कर एकदाच किंचाळलं आणि पुन्हा कारवीत घुसलं. पानांवर रक्त सांडलं होतं. ढोल थांबले.

कारवी पुरुषभर उंच होती आणि इतकी दाट, की आत हातभर पुढचं दिसत नव्हतं. बयाजीच्या हातात नुसतं लाकूड उरलं होतं.

“पावनं हायेत. राहू द्या,” कुणीतरी हळूच म्हणालं. सगळे राहीकडे पाहत होते.

“माग माझा हाय, मामी,” बयाजी म्हणाला. तो म्हणाला, एवढं त्याच्या पदरात टाकलं पाहिजे.

“पातं तुमी ठोकलं जावईबापू, पर सोडलं म्या,” राही म्हणाली. “ठावं आसून सोडलं. माग माझा.”

तिने शेजारच्या माणसाच्या हातातला भाला घेतला, कडं मनगटात सरकवलं आणि ती आत शिरली.

खालून लोकांना फक्त कारवीचे शेंडे दिसत होते. एक हालचाल वर सरकत गेली. थोड्या वेळाने वरून दुसरी खाली आली. दोन्ही एकमेकींना भिडल्या आणि सगळं थांबलं. पाखरूसुद्धा ओरडेना. मग बयाजीला राहवलं नाही. तो हत्याराशिवायच आत धावला.

डुक्कर एकाच घावात शांत झालं होतं. खांद्यातलं पातळ पातं काढून दगडावर ठेवलेलं होतं. कडं डुकराच्या सुळ्यात अडकवलेलं होतं. राही मात्र कुठेच नव्हती. सगळ्या गावाने डोंगर पालथा घातला, ती सापडली नाही. असं म्हणतात, वरच्या कातळावर माणसाची आणि डुकराची पावलं शेजारी शेजारी उमटली आहेत. मी पाहिली आहेत. माणसाचं पाऊल स्पष्ट दिसतं, डुकराच्या बाबतीत थोडा भाव ठेवावा लागतो.

बयाजी आपल्या गावी परतला नाही. तो राहीच्या भात्याशी बसला, जन्मभर घरजावई म्हणून चिडवून घेतलं, आणि पुढच्या होळीपासून पातं कड्यात घालून वर नख मारून पाहू लागला.

आता पारध कधीच बंद झाली, कायद्यानेही मनाई आहे. भाले देवळात गंजून गेले. पण होळीच्या आदल्या दिवशी लोक अजून कोयते घेऊन येतात आणि बयाजीच्या वंशातला माणूस त्यांच्यावर नख मारतो. भांडणात कुणी उगाच टोचून बोलू लागला, तर बायका विचारतात, “कडं आणू का?”

आणि एक गोष्ट अजून पाळतात. गेल्या वर्षी संध्याकाळी घाटात एका जीपखाली भेकर आलं आणि लंगडत रानात गेलं. गाडी चालवणारा गावचा नवा जावई होता, शहरातला. उशीर झालाय म्हणून तो गाडी तशीच पुढे काढू लागला. मागच्या सीटवर त्याची सासू बसली होती.

“जावईबापू,” ती म्हणाली, “गाडी थांबवा. माग तुमचा हाय.”

आणि चपला हातात घेऊन ती त्याच्या आधी खाली उतरली.